शहराच्या जमाखर्चाची वही



या व्याख्यानमालेसाठी 'शहराचे अंदाजपत्रक' हा विषय आम्ही कळविला तेव्हा चालकांपैकी एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या असाव्यात. उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ, आणि व्याख्यानाला आकडे! पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो नुसत्या करमणुकीसाठी नव्हे. रयतेने आपल्या कारभाराचा हिशेब समजून घ्यावा, ही त्यांची जन्मभराची तळमळ होती. शिवाय दिल्लीचे अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मांडले की आपण रात्रभर त्याची चर्चा करतो; आपल्या नळाला पाणी किती वाजता यावे हे ज्या अंदाजपत्रकावर ठरते, ते मात्र कधी मांडले गेले आणि कधी मंजूर झाले याचा आपल्याला पत्ताही नसतो. म्हणून हा खटाटोप.

प्रथम एक घरगुती समजूत दूर करू. नगरपालिकेचा जमाखर्च म्हणजे मोठ्या घराचा जमाखर्च, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. घरात पगार आधी ठरलेला असतो, मग आपण खर्चाला कात्री लावतो. महापालिकेत आधी खर्च किती हवा ते पाहायचे आणि मग त्या मानाने कर किती बसवायचा ते ठरवायचे, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे येत्या वर्षाचे करांचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असा दंडक आहे. त्याच कायद्यात महापालिकेची आवश्यक कर्तव्ये एका कलमात आणि ऐच्छिक कर्तव्ये दुसऱ्या कलमात दिली आहेत. पाणी, मैला, दिवाबत्ती, रस्ते, रोगराईचा बंदोबस्त ही पहिल्या कलमातली. शोभेच्या गोष्टी दुसऱ्यातल्या. कायदा करणाऱ्यांना कोणते पान आधी वाचायचे हे ठाऊक होते. आपल्याकडे ते पुस्तक कित्येकदा शेवटून उघडले जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. केंद्र सरकार तुटीचे अंदाजपत्रक मांडू शकते. कर्ज काढून तूट भरून काढण्याची त्याला पुष्कळ मोकळीक आहे. महापालिकेला तशी मुभा नाही. वर्षाच्या अखेरीस काही शिल्लक राहील, असेच तिला दाखवावे लागते. यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. तूट असली तरी ती कागदावर दिसत नाही. मग ती जाते कोठे? ती जमेच्या बाजूस जाऊन लपते. खर्चाची यादी लांबत गेली की तेवढ्याच रकमेने घरपट्टीची वसुली फुगविली जाते, बांधकाम परवान्यांचे शुल्क वाढेल असे मानले जाते, सरकारी अनुदान येईलच असे गृहीत धरले जाते. आणि खाली रेघ मारली की दोन्ही बाजू जुळतात, वर थोडी शिल्लकही दिसते.

उदाहरण द्यायचे तर पुण्याचे देता येईल. २०२१-२२ सालासाठी आयुक्तांनी सुमारे ७,६५० कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडले. काही आठवड्यांतच स्थायी समितीने ते ८,३७० कोटींवर नेले. म्हणजे सातशेवीस कोटींची वाढ झाली. एवढ्या थोड्या अवधीत शहरात सातशेवीस कोटींचे नवे उत्पन्न कोठून उगवले, हा प्रश्न नागरिकाने विचारण्यासारखा आहे. यात एकट्या पुण्याला किंवा एकट्या पक्षाला दोष देण्याचे कारण नाही. ही चाल अनेक शहरांत आहे आणि सत्ता कोणाचीही असो, ती टिकून आहे. उलटपक्षी, प्रशासनही कधी कधी हात राखून आकडे मांडते आणि लोकनियुक्त सभासदांनी ते वाढविले तर ती दरवेळी उधळपट्टीच असते असे नाही. पण वाढविलेला आकडा खरा ठरला की नाही, हे दोन वर्षांनी पाहण्याची पद्धत आपण पाडली नाही, इकडे आमचा रोख आहे.

फुगविलेल्या जमेचा परिणाम काय होतो? ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत सगळे सुरळीत चालते. मग लेखा खात्याच्या ध्यानात येते की तिजोरीत येणारा पैसा अंदाजाच्या मानाने बराच कमी आहे. पगार थांबवता येत नाहीत, वीजबिल थांबवता येत नाही, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. थांबतात ती दुरुस्तीची कामे. कागदावर तरतूद आहे, कामाला मंजुरी आहे, पण ठेकेदाराला पैसे द्यायला पैसा नाही. मग त्याची बिले पुढच्या वर्षावर ढकलली जातात आणि नव्या वर्षाचे अंदाजपत्रक जन्मतःच जुन्या देण्याचे ओझे घेऊन येते. याच काळात 'वर्गीकरण' नावाचा प्रकार सुरू होतो. एका खात्याची न वापरलेली तरतूद दुसऱ्या खात्याकडे वळवायची, याला हा भारदस्त शब्द आहे. अडचणीच्या प्रसंगी तो उपाय योग्यच. पण सांडपाण्याच्या नळासाठी ठेवलेली रक्कम चौकातल्या कमानीकडे वळते, तेव्हा मूळ अंदाजपत्रकावर झालेल्या तासन्‌तास चर्चेला अर्थ काय राहिला?

दुसरी युक्ती याहून साधी आहे. पंचवीस कोटींच्या पुलासाठी पहिल्या वर्षी पंचवीस लाख ठेवायचे, आणि अशा रीतीने एकाच वर्षात पन्नास कामांचे नारळ फोडायचे. प्रत्येक प्रभागाला काहीतरी मिळाल्याचे समाधान होते, पण त्या पन्नासांपैकी एकही काम वेळेवर पुरे होत नाही. उघडे पडलेले खड्डे, अर्धवट उभे राहिलेले खांब आणि वाढत जाणारा खर्च, हे त्याचे फळ. दहा कामे निवडून ती पुरी करणे हे शहाणपणाचे खरे, परंतु उरलेल्या चाळिसांना नाही म्हणावे लागते, आणि नाही म्हणणे हे निवडून आलेल्या माणसाला फार जड जाते.

नाही म्हणणारा एक सभासद मात्र आपल्या इतिहासात आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागताच्या सजावटीसाठी हजार रुपये खर्च करावेत असा ठराव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे म्हणून विरोधी मत देणारे जोतीराव एकटे होते. पुढे नव्या मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालण्याचा बेत निघाला, तेव्हाही आधी शाळा, असाच त्यांचा आग्रह होता. ती मंडई १८८६ साली उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले, आणि कालांतराने ते जाऊन तिला नाव मिळाले ते महात्मा फुले मंडई. मंडई नको होती असे आज कोणी म्हणणार नाही; भाजी घ्यायला आपण तेथेच जातो. पण रुपया एकच असतो आणि तो एका ठिकाणी गेला की दुसऱ्या ठिकाणी जात नाही, हा जोतीरावांचा हिशेब चुकीचा नव्हता.

जमेच्या बाजूबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिचे रूप पार पालटले आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना जकात नाके आठवत असतील. शहराच्या वेशीवर मालमोटारींच्या रांगा, नाक्यावरचे कारकून, पावत्या, आणि त्याभोवतीचे सगळे बरेवाईट व्यवहार. जकात हा वाईट कर होता यात शंका नाही. तो मालाची वाहतूक अडवून ठेवी आणि त्यात भ्रष्टाचारालाही वाव होता. पण नगरपालिकेच्या दृष्टीने त्यात दोन गुण होते. रोजचा पैसा रोज तिजोरीत पडे, आणि व्यापार वाढला की तो आपोआप वाढे. त्यासाठी कोणाच्या दारात वसुलीला जावे लागत नसे. महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ च्या ऑगस्टपासून पन्नास कोटींखालच्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. त्या जकातीचे मुंबईचे उत्पन्न वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपयांच्या घरात होते.

याबद्दल राज्य शासन महापालिकांना भरपाई देते. २०१७ च्या कायद्याने त्या भरपाईत दरसाल ८ टक्के वाढ धरली आहे. रक्कम लहान नाही आणि ती मिळते हेही खरे. तरी पूर्वी जे शहर आपल्या वेशीवर स्वतःचा पैसा गोळा करीत होते, ते आता दरमहा दुसऱ्याच्या पाकिटाची वाट पाहते. मुलाने मिळवलेला पैसा आणि वडिलांनी हातखर्चाला दिलेला पैसा यांत रकमेचा फरक नसेल, पण वागण्यात फरक पडतोच. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अठरा विषयांची यादी नगरपालिकांसाठी राज्यघटनेत घातली. कामे दिली, पण त्या कामांसाठी ठरावीक कर घटनेने त्यांच्या नावे लिहून दिले नाहीत, ते राज्यांच्या मर्जीवर ठेवले. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्या महापालिकांच्या अर्थकारणावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिसते ते असे की देशाच्या एकंदर उत्पन्नाच्या मानाने आपल्या नगरसंस्थांचा जमाखर्च दहा वर्षांहून अधिक काळ एक टक्क्याच्या आसपास घुटमळत आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. शहरे फुगत चालली, लोक खेड्यांतून येतच राहिले, आणि त्यांना सांभाळणाऱ्या संस्थेची थैली आहे तेवढीच राहिली.

मग आपल्या हातात काय उरले? मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्यांचे शुल्क. यांपैकी तिसऱ्यावर फार विसंबू नये. इमारती उठत आहेत तोवर हा पैसा धो धो येतो. बाजार थंडावला की एका वर्षात आटतो. आणि एक इमारत एकदाच शुल्क देते, पण तिला पाणी, रस्ता आणि कचऱ्याची गाडी पुढची पन्नास वर्षे लागते. जमीन विकून किराणा भरण्यासारखा हा प्रकार आहे.

घरपट्टीचे मात्र आपल्या सर्वांना वावडे आहे. दर वाढविण्याचा विषय निघाला की सगळे पक्ष एका आवाजात बोलू लागतात. एरवी तो योग दुर्मिळ. सवलतींचेही तसेच. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना १९७० पासून चाळीस टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आल्यावर ती काढली गेली, नागरिकांनी ओरड केली, आणि २०२३ साली राज्य शासनाने ती पुन्हा दिली. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी मिळाली. लहान घरात राहणाऱ्याला सवलत मिळावी याला आमचा विरोध नाही. परंतु या सवलतीमुळे किती रुपये सोडून दिले, आणि ते कोणत्या कामातून कमी झाले, ही ओळ अंदाजपत्रकात सहसा सापडत नाही. शाळेवर केलेला खर्च छापला जातो, सोडून दिलेला कर छापला जात नाही. दोन्ही सार्वजनिक पैशाचाच विनियोग आहेत.

पाण्याचे तर काय सांगावे! पुण्यासारख्या शहरात जवळजवळ चाळीस टक्के पाणी गळतीत वा हिशेबाबाहेर जाते असे महापालिकाच सांगत आली आहे. त्यासाठी समान पाणीपुरवठ्याची योजना निघाली आणि २०१७ च्या जूनमध्ये पुणे महापालिकेने ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले. अहमदाबादने १९९८ साली, राज्य सरकारची हमी न घेता, शंभर कोटींचे रोखे काढून देशाला ही वाट दाखविली होती. कर्ज काढणे म्हणजे बेजबाबदारपणा, असे आम्ही मानीत नाही. पन्नास वर्षे टिकणारी जलवाहिनी आजच्या एकाच वर्षाच्या करातून घालावी असे म्हणणे, हाच आजच्या करदात्यावर अन्याय होईल. प्रश्न एवढाच असतो की काम वेळेवर होते काय, आणि त्यातून व्याज फेडण्याइतके उत्पन्न वा बचत होते काय. पुण्यातील त्या पाणीयोजनेची कामे ठरल्या वेळी पुरी झाली नाहीत; व्याज मात्र ठरल्या तारखेला द्यावेच लागते.

कर्ज कशासाठी काढू नये, याचा धडा न्यूयॉर्क शहराने १९७५ साली जगाला दिला. एवढे श्रीमंत शहर, पण त्याच्या तिजोरीत रोजच्या देण्यापुरता पैसा उरला नाही. काय झाले होते? पूल-इमारतींसाठी असलेल्या भांडवली खात्यात रोजचे खर्च घातले जात होते. न येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर अल्प मुदतीची कर्जे काढली जात होती. वर्षाच्या अखेरच्या दिवसांचे पगार पुढच्या वर्षाच्या खात्यावर टाकून चालू वर्ष साजरे केले जात होते. गंमत म्हणजे तेव्हाचे महापौर एब्राहम बीम हे शिक्षणाने हिशेबनीस होते आणि त्यापूर्वी शहराचे हिशेबही त्यांच्याकडेच होते. हिशेब येत नव्हता म्हणून हे घडले नाही. प्रत्येक वर्षी थोडेसे झाकावे आणि पुढच्या वर्षी पाहून घेऊ, अशा रीतीने ते साचत गेले. १९७५ च्या वसंत ऋतूत बँकांनी शहराचे रोखे घेण्याचे नाकारले आणि एकदम सगळे उघडे पडले.

त्याची किंमत कोणी दिली, ते पाहण्यासारखे आहे. हजारो पोलीस, शिक्षक आणि सफाई कामगारांना घरी बसविले. भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटांवरून ५० सेंट झाले. १८४७ पासून ज्या महाविद्यालयात गरिबांची मुले विनाशुल्क शिकत आली होती, तेथे आणि शहराच्या साऱ्या विद्यापीठात १९७६ पासून शुल्क लागू झाले. शहराच्या पैशाचे निर्णय निवडून आलेल्या सभेच्या हातून जाऊन राज्याने नेमलेल्या मंडळाकडे गेले. अध्यक्ष फोर्ड यांनी ऑक्टोबरात मदत नाकारली आणि वर्षअखेरीस ती कर्जाच्या रूपाने दिली. पण तोवर शिक्षकसंघाला आपल्या निवृत्तिवेतनाचा निधी शहराच्या रोख्यांत घालून वेळ निभावून न्यावी लागली होती. ज्यांच्यासाठी खर्च केला असे सांगितले जात होते, त्यांनाच शेवटी तो भरावा लागला. खाते खऱ्या अर्थाने जुळायला १९८१ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे बरोबर उलटा रोगही आहे. मुंबई महापालिकेच्या बँकांतील ठेवी २०२२ च्या सुमारास नव्वद हजार कोटी रुपयांहून अधिक झाल्या होत्या. त्यांत कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, ठेकेदारांच्या अनामती अशा बांधील रकमा बऱ्याच होत्या, हे मान्य. त्यानंतर मोठ्या कामांसाठी त्यांतून पैसे काढणेही सुरू झाले. तरी ज्या शहरात अर्ध्याच्या आसपास लोक झोपडवस्तीत राहतात, तेथे अशा शिल्लकीचा अभिमान बाळगावा काय? नामदार गोखल्यांनी, ज्यांनी पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले, १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, ते याच मुद्द्यावर होते. रयत दुष्काळाने गांजलेली असताना सरकारी तिजोरीत शिलकीचा ढीग दिसतो, त्याचा अर्थ भरभराट नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. त्या भाषणाने सरकारी बाकांवरचे लोकही चमकले. शिल्लक हा गुण की दोष, हे खालची रक्कम पाहून कळत नाही; कोणाचे काय राहून गेले ते पाहावे लागते.

अलीकडचा एक अनुभव सांगितल्याखेरीज हा विषय पुरा होणार नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. जवळजवळ चार वर्षे तेथे लोकनियुक्त सभागृह नव्हते. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासक म्हणून त्याच अधिकाऱ्याने ते मंजूर करायचे, असा देखावा या काळात दिसला. पुण्याचे अंदाजपत्रक या वर्षांत ८,५९२ कोटींवरून १२,६१८ कोटींवर गेले. सभासद नाहीत म्हणजे भांडण नाही, भांडण नाही म्हणजे कारभार चांगला, असे समजणारी काही सुशिक्षित मंडळी आम्हांस भेटली. नगरसेवकांच्या गोंधळाला कंटाळलेल्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे. पण जो आकडे मांडतो त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी ते तपासलेच नाहीत, तर वर सांगितलेली लपलेली तूट दाखवायची कोणी? २०२६ च्या जानेवारीत निवडणुका झाल्या आणि सभागृहे पुन्हा भरली. आता गोंधळ होईल, तो आम्हांस पत्करतो.

नागरिकांच्या हातात काय आहे, असा प्रश्न येईल. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली हा प्रयोग सुरू केला. तेथे वस्तीवस्तीत सभा भरत आणि लोक कामांचा क्रम आपसांत भांडून ठरवीत. आपल्याकडे बहुधा अर्ज भरून दिला जातो, आणि त्यात बाकडी, पदपथाच्या फरशा आणि दिव्याचे खांब मागितलेले असतात. ते मागण्यात गैर काही नाही. त्या अर्जाबरोबर गेल्या वर्षी सुचविलेल्या कामांचे काय झाले, एवढी विचारणा जरी जोडली, तरी त्याला वजन येईल.

आणि अंदाजपत्रकाचे पुस्तक हाती घ्याल तेव्हा एक करा. प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने असतात. एकात मागच्या पुऱ्या झालेल्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, दुसऱ्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज, तिसऱ्यात येत्या वर्षाचा अंदाज. सभेत आणि वर्तमानपत्रात चर्चा होते ती तिसऱ्या रकान्याची. आपण पहिला वाचावा. दोन वर्षांपूर्वीचे पुस्तक शोधून त्याच्या तिसऱ्या रकान्याशी तो ताडून पाहावा. आधी घरपट्टी, मग नालेसफाई, मग आपल्या प्रभागातल्या दवाखान्याची औषधे, अशा चारपाच ओळी पुरेत. पुस्तके महापालिकांच्या संकेतस्थळांवर सहसा असतात, आणि न सापडली तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराने दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात.